ऑफिसातल्या नेटवर्क प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड नेमका कुणाकडं आहे?

मांजराकाठ (धागाकर्ता)

लातूर, अंबाजोगाई, उदगीर या पट्ट्यात पतसंस्था, सीए, वकील, क्लासेस, दवाखाने अशा छोट्या कार्यालयांच्या नेटवर्कची कामं मी करतो. सर्व्हरला पासवर्ड असतो, टॅलीला असतो, वायफायला असतो. कोपऱ्यातल्या प्रिंटर-कम-झेरॉक्स मशीनला मात्र बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आलेलाच पासवर्ड असतो, नाहीतर नसतोच. कुणाकडं आहे असं विचारलं की मॅनेजर म्हणतात मेकॅनिकला विचारा. मेकॅनिक म्हणतो, साहेब, आम्ही टोनर, ड्रम आणि रोलर बघतो. ज्या यंत्रातून आख्ख्या संस्थेचा कागद जातो त्याला वालीच नाही. याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

नेटवर्कला जोडलेलं मशीन म्हणजे पूर्ण संगणक असतो. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, मोठ्या मॉडेलमध्ये हार्डडिस्क आहे, स्वतःचं वेब पान आहे. मशीनच्या पॅनलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापून घ्या. त्यावर आयपी पत्ता असतो. तो ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड न विचारता पान उघडलं तर पुढचं नीट वाचा.

एका पतसंस्थेत त्यांच्या परवानगीने हे पान उघडून मी संचालकांना दाखवलं. ‘जॉब लॉग’मध्ये गेल्या कित्येक दिवसांच्या छपाईच्या फाइलींची नावं ओळीने होती: सोनेतारण थकबाकीची यादी, दोन कर्जदारांच्या नावाने जप्तीच्या नोटिसा, कर्मचाऱ्यांचं पगारपत्रक. शेजारी कुणी छापलं आणि किती वाजता छापलं. फाइल उघडत नव्हती, पण गावात एवढं कळलं तरी पुरतं. कुणाच्या घरी जप्तीची नोटीस जाणार हे नुसत्या नावावरून कळत होतं.

खरं दुखणं ‘स्कॅन टू फोल्डर’मध्ये आहे. स्कॅन केलेला कागद अमुक कॉम्प्युटरच्या अमुक फोल्डरमध्ये जाऊन पडावा म्हणून त्या कॉम्प्युटरचं युजरनेम आणि पासवर्ड मशीनमध्ये भरून ठेवलेले असतात. स्क्रीनवर पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे लोकांना तो सुरक्षित वाटतो. चोराला तो वाचायची गरजच पडत नाही. तो सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरचा पत्ता बदलतो, तिथं स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता घालतो आणि ‘कनेक्शन तपासा’ दाबतो. मशीन इमानेइतबारे पासवर्ड त्याच्याकडं पाठवून देतं. एफटीपी (फाइली पाठवायची जुनी पद्धत) असेल, किंवा साध्या एलडॅपने (सर्व्हरवरची नावांची यादी वाचायची पद्धत) ॲड्रेस बुक जोडलेलं असेल, तर तो उघडाच जातो. विंडोजच्या शेअर फोल्डरसाठी हॅशच्या, म्हणजे गणिताने बदललेल्या, रूपात जातो, आणि पासवर्ड साधा असेल तर त्या हॅशवरून काढता येतो. याला ‘पास-बॅक’ हल्ला म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रॅपिड सेव्हन या सुरक्षा कंपनीने झेरॉक्सच्या व्हर्सालिंक मालिकेतल्या मशीनमध्ये नेमकी हीच उणीव जाहीर केली आणि झेरॉक्सने दुरुस्ती दिली. काही नव्या मशीनमध्ये पत्ता बदलला की पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. आपल्याकडं चालतात ती बरीचशी जुनी मशीन तसं काही विचारत नाहीत.

आता तो पासवर्ड कुणाचा असतो ते बघा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटरचाच, कारण त्यानेच काम लवकर होतं. म्हणजे प्रिंटर हाती लागला की सर्व्हरही लागला. आणि सर्व्हरवर ठेवीदारांचे आधार, पॅन, सातबारा, सगळं आहे.

अजून एक ताजं उदाहरण. जून २०२५ मध्ये त्याच रॅपिड सेव्हनने ब्रदर कंपनीच्या मशीनमधल्या आठ उणिवा जाहीर केल्या. ब्रदरची ६८९ मॉडेल, आणि फुजीफिल्म, रिको, तोशिबा, कोनिका मिनोल्टा धरून एकूण ७४८. त्यातल्या सगळ्यात वाईट उणिवेचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-५१९७८. कारखान्यात प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड दिला जात होता, पण तो मशीनच्या सिरियल नंबरवरून ठराविक पद्धतीने तयार केलेला होता. सिरियल नंबर कळला की पासवर्ड काढता येतो, आणि सिरियल नंबर नेटवर्कवरून विचारला तर मशीनच सांगतं. विकल्या गेलेल्या मशीनमधली ही उणीव फर्मवेअरच्या (मशीनमधल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटने पूर्ण जात नाही, असं कंपनीनेच सांगितलं. उपाय एकच: तो पासवर्ड बदला. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या इथं काय परिस्थिती आहे ते लिहा. कंपनी, संस्था, दुकान कुणाचंच नाव नको, मॉडेल सांगितलं तरी चालेल.

बालाघाट_बीड

माहिती चांगली आहे, पण एक शंका. आमच्या संस्थेत प्रिंटर फक्त ऑफिसच्या आत आहे. इंटरनेट वेगळं, प्रिंटर वेगळा. बाहेरचा माणूस आत येणार कुठून? शाखेत सात-आठ माणसं, सगळी ओळखीची. तिथं एवढ्या पासवर्डांनी कामच अडतं. मार्चअखेरीला मशीन पाच मिनिटं अडलं तरी काउंटरवर आरडाओरडा होतो.

मांजराकाठ

दादा, इंटरनेट वेगळं म्हणजे वायरच वेगळी आहे का, की एकाच राऊटरच्या मागच्या खाचांना दोन वायरी लावल्यात? दुसरं असेल तर ते एकच नेटवर्क आहे. आपल्याकडं नव्वद टक्के ठिकाणी तसंच असतं असं मी अंदाजाने म्हणेन.

बाहेरून यायच्या वाटा मी बघितल्यात त्या सांगतो. सीसीटीव्ही मोबाईलवर दिसावा म्हणून कॅमेरेवाला राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून जातो. एकेक पोर्ट उघडायचा कंटाळा आला की सरळ ‘डीएमझेड’ चालू करतो, म्हणजे सगळीच दारं एकदम उघडी. त्याने डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बाहेरच्या जगाला उघडा पडतो, आणि डीव्हीआर हाती लागला की आतला प्रिंटर दिसतो. दुसरी वाट ग्राहकांना दिलेला वायफाय पासवर्ड. वाट बघत बसलेल्या माणसाला आपण प्रेमाने देतो आणि तो वर्षानुवर्षं तोच राहतो. तिसरी वाट छोट्या गावांत केबलवरून येणाऱ्या इंटरनेटची. एका तालुक्याच्या गावात मला शेजारच्या दुकानाचा प्रिंटर यादीत दिसत होता, कारण पुरवणाऱ्याने सगळी गिऱ्हाइकं एकाच जाळ्यात ठेवली होती.

आणि चौथी वाट स्वतः प्रिंटरची. बाजारपेठेत उभं राहून मोबाईलचं वायफाय चालू करा. ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होणारी, पुढं प्रिंटरच्या मॉडेलचं नाव असलेली नेटवर्कं दिसतील. ती वायफाय डायरेक्टची. प्रिंटर स्वतःचं वायफाय सोडतो, राऊटरचा त्याच्याशी संबंध नसतो. कित्येक मॉडेलमध्ये त्याचा मूळ पासवर्ड १ ते ८ ओळीने असतो. आपण ऑफिसचं वायफाय कितीही कडक केलं तरी हे दार रस्त्यावर उघडतं. वापरत नसाल तर आजच बंद करा, छपाईला काही फरक पडत नाही.

जगात काय झालंय तेही सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये एकाने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सुमारे दीड लाख प्रिंटरवर स्वतःचा संदेश छापला. नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्याने सुमारे पन्नास हजार प्रिंटरवर एका यूट्यूब चॅनलची जाहिरात छापली. वाट तीच: पोर्ट ९१००, जे छापायच्या कामासाठी असतं आणि समोरचा कोण हे विचारत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सायबरन्यूज या संकेतस्थळाच्या लोकांनी पन्नास हजार उघडे प्रिंटर निवडून जवळपास अठ्ठावीस हजारांवर ‘तुमचा प्रिंटर असा सुरक्षित करा’ हे पानच छापून दाखवलं. त्यांनी फक्त छापलं. ज्याला चोरायचं आहे तो काहीच छापत नाही, म्हणून त्याचा पत्ता लागत नाही.

टोनर_परभणी

मी मशीन दुरुस्ती आणि भाड्याने देण्याचं काम करतो. वरच्या पोस्टमध्ये मेकॅनिकचा उल्लेख आलाय, म्हणून आमची बाजू मांडतो.

आमची पोरं दिवसभर गाडीवर फिरायलेत. परभणीहून पाथरी, मानवत, सेलू, परत. एका कॉलवर अर्धा तास मिळतो. पासवर्ड लावून आलं की चार दिवसांत फोन येतो, “कागदाचा ट्रे ए-फोरचा लीगल करायचाय, पासवर्ड मागायलंय.” साहेब बदलले की जुन्या साहेबांनी पासवर्ड कुणालाच सांगितलेला नसतो. मग मशीन फॅक्टरी रिसेट करा, सगळं ॲड्रेस बुक पुन्हा भरा. त्याचे पैसे कुणी देत नाही. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) ते धरलेलंच नसतं. कॉपीमागं चाळीस-पन्नास पैशांच्या हिशोबात कुणी सुरक्षा मागत नाही आणि मागितली तर दर वाढवून देत नाही.

फर्मवेअरचं दुखणं त्याहून मोठं आहे. काही कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये फर्मवेअर अपडेट केलं की रिफिल केलेलं किंवा दुसऱ्या चिपचं कार्ट्रिज चालायचं थांबतं. एचपी त्याला ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ म्हणते आणि अपडेटमधून ती चिप अडवते, हे ते स्वतः जाहीर सांगतात. आमच्या भागात नवीन कार्ट्रिज घेणारं गिऱ्हाईक शंभरात दोन-चार. बाकी सगळं रिफिलवर. मनून आम्ही मशीन बसवतानाच ऑटो अपडेट बंद करतो. गिऱ्हाइकाचं भलं बगूनच करतो. आता तुम्ही म्हणता अपडेट करा. केलं तर उद्या ट्रेमध्ये कागद असून मशीन बंद, आणि शिव्या आम्हाला. सुरक्षेची दुरुस्ती आणि कार्ट्रिज अडवणं एकाच फाइलीत घालून देणं हे कंपन्यांचं वागणं मला चुकीचं वाटतं. ते दोन वेगळे झाले पाहिजेत.

स्कॅन टू फोल्डरचं तुम्ही लिहिलेलं खरं आहे. त्यात अजून एक भर. जुन्या मशीनला विंडोज १० किंवा ११ वर स्कॅन जातच नाही, कारण त्यांना फक्त एसएमबी १ (विंडोजची फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) येतं आणि विंडोजने ते बंद केलंय. मग आमची पोरं कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘विंडोज फीचर्स’मधून एसएमबी १ ला टिक करतात, फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देतात. सगळ्या मराठवाड्यात हेच चालतं. दुसरा रस्ता असेल तर सांगा, मी पोरांना शिकवतो.

मांजराकाठ

टोनर भाऊ, तुमची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात कामाची आहे. दोष मेकॅनिकचा आहे असं मला म्हणायचं नव्हतं. काम कुणाचं हे करारात लिहिलेलं नाही, तिथं सगळं अडतं. संस्थेने एएमसीत एक ओळ घालावी: पासवर्ड बदलणे, वापरात नसलेल्या सेवा बंद करणे, मशीन परत जाताना डिस्क पुसणे. आणि त्याचे पैसे द्यावेत. सर्व्हरसाठी देतो तसे.

एसएमबी १ चं मात्र कळकळीने सांगतो, ते चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या उणिवेतून. दीडशेच्या आसपास देशांत कॉम्प्युटर बंद पडले, ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यांच्या शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती त्याच्या दोन महिने आधी आली होती आणि ती घेतलेले कॉम्प्युटर त्यातून वाचले. पण ते जुनं दार एका प्रिंटरसाठी पुन्हा उघडणं मला पटत नाही. जुन्या मशीनला पेन ड्राइव्हवर स्कॅन करा, ते सगळ्यात साधं. ते जमत नसेल तर एका कॉम्प्युटरवर छोटा एफटीपी सर्व्हर टाका आणि त्याला फक्त एका फोल्डरपुरतं वेगळं खातं द्या, ज्याने दुसरं काहीच उघडत नाही. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हे खरं, म्हणूनच त्या पासवर्डने दुसरं काही उघडता कामा नये. आणि नवीन मशीन घेताना एसएमबी २ किंवा ३ आहे का हे आधी विचारा.

अपडेटबद्दल तुमची अडचण खरी आहे. निदान गंभीर उणिवेच्या वेळी तरी मॉडेल शोधून बघा. २०२१ मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने एचपीच्या दीडशेहून जास्त मॉडेलमध्ये उणीव दाखवली होती, विशिष्ट फॉन्ट असलेली फाइल छापली की मशीनचा ताबा जात होता. तेवढं अपडेट कार्ट्रिजपेक्षा मोलाचं होतं. जिथं अपडेट करताच येत नाही तिथं प्रिंटरला इंटरनेटची वाट बंद करा. सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’ रिकामा ठेवला, किंवा मशीन घेत असेल तर ०.०.०.० टाकला, की तो ऑफिसात छापतो, बाहेर जात नाही. मेलवर स्कॅन मात्र मग चालणार नाही. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर त्या वाटेने बाहेर जातोच.

नांदेडची_सीए

मेलवर स्कॅन हाच तर आमचा मुख्य वापर आहे. आर्टिकलशिपची मुलं क्लायंटचे कागद थेट स्कॅन करून मेल करतात. मशीनमध्ये ऑफिसचं जीमेल खातं भरलेलं आहे. मे २०२२ नंतर साधा पासवर्ड चालेना तेव्हा मेकॅनिकने सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढून टाकून दिला. तो फक्त प्रिंटरचा आहे, त्यामुळे धोका नाही असं त्याने सांगितलं. हे बरोबर आहे का?

मांजराकाठ

ताई, नाही. ॲप पासवर्ड कुठल्याही मेल प्रोग्रॅममध्ये टाकला की पूर्ण मेलबॉक्स उघडतो, आणि मोबाईलवर येणारा दुसरा कोड तो मागत नाही. म्हणजे तुमच्या क्लायंटचे रिटर्न, नोटिसा, ओटीपीचे मेल, सगळं त्या सोळा अक्षरांत आहे, आणि ती अक्षरं मशीनमध्ये आहेत. स्कॅनसाठी नवीन, रिकामं खातं उघडा, त्यातून फक्त मेल जाईल. मग जुन्या खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन तो ॲप पासवर्ड रद्द करा. नुसता मशीनमधून काढला तर तो जिवंतच राहतो.

गणित_शिकवतो

लातुरात क्लास घेतो. आमच्याकडं दर आठवड्याला टेस्ट असते, पेपर आदल्या रात्री मशीनवर निघतो. मागच्या वर्षी मुंबईहून वापरलेलं मोठं मशीन घेतलं, डिस्कवालं. बसवल्यावर ‘डॉक्युमेंट बॉक्स’ उघडून बघितला तर त्यात आधीच्या मालकाच्या स्कॅन केलेल्या फाइली होत्या. कुठल्यातरी विमा कार्यालयातले दावे, माणसांच्या सह्या, दवाखान्याची कागदपत्रं. मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, डिलीट करून टाका.

तेव्हापासून मला हाच घोर आहे की आमचे पेपरही असेच त्यात साठत असतील. मशीन बदललं की ते कुणाच्या हातात जातील? शिवाय क्लासच्या वायफायवर शंभर पोरं आहेत आणि त्यातली काही कॉम्प्युटरमध्ये आमच्यापेक्षा पुढं आहेत. पेपर आदल्या रात्री बाहेर गेला तर वर्षभर घासलेल्या बाकीच्या मुलांवर अन्याय होतो. मला झोप लागत नाही अशा विचाराने.

मांजराकाठ

सर, तुमची काळजी रास्त आहे. डिस्क असलेलं मशीन प्रत्येक प्रिंट, कॉपी, स्कॅन आधी डिस्कवर लिहितं आणि मग छापतं. काम झालं की फाइल यादीतून जाते, डिस्कवरचा मजकूर तसाच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. अमेरिकेत ॲफिनिटी हेल्थ प्लॅन नावाच्या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची झेरॉक्स मशीन परत दिली, डिस्क न पुसता. २०१० मध्ये सीबीएस वाहिनीच्या वार्ताहरांनी गोदामातून जुनी मशीन विकत घेऊन डिस्का तपासल्या, त्यात यांचे रुग्ण सापडले. २०१३ मध्ये त्या संस्थेला १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले. सुमारे साडेतीन लाख लोकांची माहिती त्यात अडकली असावी असा त्यांचाच अंदाज होता.

तुमच्या मशीनच्या ॲडमिन मेनूमध्ये ‘डेटा ओव्हरराइट’, ‘हार्डडिस्क इरेज’ किंवा ‘एन्क्रिप्शन’ असं काही आहे का बघा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं, काही मॉडेलमध्ये ते वेगळं किट म्हणून विकत घ्यावं लागतं. ओव्हरराइट चालू केलं की प्रत्येक कामानंतर ती जागा पुसली जाते, मशीन किंचित हळू होतं एवढंच. आधीच्या मालकाच्या फाइलीही त्या मेनूमधूनच आख्खी डिस्क पुसून घालवा, नुसतं डिलीट करून भागणार नाही.

आणि मुलांचं वायफाय आजच वेगळं करा. बहुतेक राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. चालू केल्यावर स्वतः त्याला जोडून प्रिंटरचा आयपी उघडून बघा. काही स्वस्त राऊटरमध्ये गेस्टवरूनही आतलं दिसतं, त्यामुळे तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

शेंद्रा_शिफ्ट

छत्रपती संभाजीनगरला शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयटी बघतो. आमच्याकडं प्रिंटरचं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर वेगळं काढलेलं जाळं, वेगळं आहे. प्रिंट सर्व्हरशिवाय कुणालाच थेट ९१०० किंवा ६३१ या छपाईच्या पोर्टवर जाता येत नाही. ड्रॉइंगं छापली जातात आणि ती गिऱ्हाइकाची मालमत्ता असते, त्यामुळे तपासणीला येणारे हे विचारतातच.

छोट्या ऑफिसांसाठी एक गोष्ट राहिली, एसएनएमपी. टोनर किती राहिला, मीटर किती झालं हे नेटवर्कवरून कळायला ते असतं. त्याचा ‘कम्युनिटी’ शब्द सगळीकडं ‘पब्लिक’ असतो. त्यावरून मॉडेल आणि सिरियल नंबर मिळतो, म्हणजे वर लिहिलेल्या ब्रदरच्या उणिवेला लागतं तेच. मीटर रीडिंगसाठी वापरत नसाल तर बंद, वापरत असाल तर शब्द बदला.

मशीन जी भाषा बोलतं तिच्यातही खोट आहे. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वीस मॉडेल तपासली, प्रत्येकात कुठला ना कुठला हल्ला लागू पडला. पीजेएल नावाच्या छपाईच्या भाषेतलं कुलूप १ ते ६५,५३५ मधला नुसता आकडा असतो, म्हणजे संगणकाने एकेक आकडा लावत गेलं की उघडतं. त्याच संशोधनात, कर्मचाऱ्याने एखादं वेब पान उघडलं तर त्याच्या ब्राउझरमधूनच आतल्या प्रिंटरला आज्ञा पाठवता येतात हेही दाखवलं होतं. “आमचा प्रिंटर आत आहे” म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की रशियाशी जोडलेल्या एका टोळीने काही कंपन्यांत आयपी फोन, व्हिडिओ डीकोडर आणि ऑफिस प्रिंटर यांच्यातून शिरकाव केला. त्यातल्या दोन ठिकाणी उपकरणाचा पासवर्ड कारखान्याचाच होता.

बालाघाट_बीड

मांजराकाठ, तुम्ही सांगितलं तसं आज आयपी टाकून बघितला. पान उघडलं, पासवर्ड मागितला नाही. राऊटर एकच आहे, कॅमेरेही त्यालाच. अध्यक्षांना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न होता की यात कायद्याने आमच्यावर काय येतं.

नांदेडची_सीए

यात मी भर घालते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. ग्राहकांची माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या संस्थेला तेवढा होईल असं नाही, पण मशीन मेकॅनिकचं होतं हे कारण चालणार नाही, कारण जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

काउंटर_क्रमांक_३

मी सहकारी बँकेत आहे, धाराशिव जिल्ह्यात. तांत्रिक मला फार कळत नाही, पण प्रिंटर बंद पडला की आम्ही काय करतो ते सांगते. बंद करतो, चालू करतो, नाही झाला तर उद्या बघू म्हणतो. बांगलादेश बँकेचं प्रकरण प्रशिक्षणात ऐकलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या त्यांच्या खात्यातून पैसे काढायच्या आज्ञा पाठवल्या, आणि व्यवहाराच्या नोंदी ज्या प्रिंटरवर आपोआप छापल्या जायच्या तो गप्प केला. कर्मचाऱ्यांना वाटलं नेहमीचा बिघाड. ८ कोटी १० लाख डॉलर गेले. चोर प्रिंटरमधून आत शिरले नव्हते, पण प्रिंटर गप्प राहिल्याने त्यांना वेळ मिळाला.

म्हणून माझं म्हणणं, बिघाडाची वही ठेवा. कधी बंद पडला, कोण आलं, काय केलं. आमच्या शाखेत मी सुरू केलीय. आणि ट्रेमध्ये पडून राहणारे कागद हाही तेवढाच मोठा प्रश्न आहे. आमच्या मशीनला पिन टाकून छापायची सोय होती, कुणाला माहीतच नव्हती. आता पासबुक सोडून सगळं पिनवर निघतं. सुरुवातीला लोक कुरकुरले, आता सवय झाली.

टोनर_परभणी

एफटीपीचं आज एका गिऱ्हाइकाकडं करून बघितलं, जमलं. एसएमबी १ काढून टाकलं. पासवर्ड बदलून बंद पाकिटात घालून मॅनेजरच्या लॉकरमध्ये ठेवायला दिला आणि रजिस्टरला सही घेतली. ट्रे आणि कागदाच्या सेटिंगला पासवर्ड लागू नये असं वेगळं करता येतं, ते पोरांना दाखवलं. त्यामुळे फोन कमी येतील.

एक राहिलं. जी मशीन पूर्ण मेलीत, चालूच होत नाहीत, ती भंगारात जातात. मेनू उघडतच नाही तर डिस्क पुसायची कशी?

मांजराकाठ

मागचं किंवा बाजूचं झाकण काढा, मुख्य बोर्डाजवळ लॅपटॉपची असते तशी डिस्क मिळेल. ती काढून घ्या, मशीन डिस्कशिवाय भंगारात द्या. फिरणारी डिस्क असेल तर आतल्या तबकड्यांना दोन-तीन ठिकाणी ड्रिलने आरपार भोकं पाडा. चिपवाली असेल तर चिपच फोडावी लागते, एकूण एक. भाड्याच्या मशीनची डिस्क मालकाची असते, तिथं गिऱ्हाइकासमोर फोडून पावतीवर तसं लिहून द्या.

छोट्या मॉडेलमध्ये डिस्क नसते, पण ॲड्रेस बुक आणि स्कॅनची खाती बोर्डावरच्या मेमरीत राहतात, ती वीज गेल्यावरही पुसली जात नाहीत. बोर्ड दुसऱ्या मशीनला लावायला ठेवणार असाल तर त्या मशीनवर चालू करून आधी फॅक्टरी रिसेट करा. आणि गिऱ्हाइकाला त्याच दिवशी सांगा की या मशीनमध्ये ज्या ज्या खात्यांचे पासवर्ड भरले होते ते सगळे बदलून घ्या.